डिझेल गाडी रिझर्व्हला आल्यावर काय घडते आणि काय करावे

जुन्या डिझेल गाड्या चालवणाऱ्यांना टाकी कोरडी पडण्याची फारशी धास्ती नसे. अँबेसेडर, सुमो किंवा 1998 साली आलेली पहिली इंडिका रस्त्यात बंद पडली, तर कॅनमधून डिझेल ओतायचे, हातपंप दाबायचा, पान्याने एक-दोन नट सैल करून हवा काढायची आणि स्टार्टर मारायचा, एवढे बहुतेक चालकांना येत असे. गाडी खोकत, पांढरा धूर सोडत सुरू होई, आणि या साऱ्या खटाटोपात पंपाचे किंवा नोझलचे तुलनेने फारसे बिघडत नसे. आजच्या गाडीत हाच प्रयोग केला, तर दुरुस्तीचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो, आणि त्यातले काही नट सैल करणे हे हातापायांच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे.

बदल झाला आहे तो डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतीत. 1997 साली अल्फा रोमिओ 156 या गाडीतून कॉमन रेल पद्धत मोटारींमध्ये आली आणि पुढील दहा वर्षांत ती भारतातील सामान्य ग्राहकाच्या दारात उभी राहिली. 2007 साली मारुती स्विफ्टमध्ये बसवलेले 1.3 लिटरचे डिझेल इंजिन याच पद्धतीचे होते. आज देशात विकली जाणारी प्रत्येक नवी डिझेल मोटार कॉमन रेलवर चालते. पुढील विवेचन अशाच गाड्यांपुरते आहे. तपशील गाडीगणिक थोडेफार बदलतात, त्यामुळे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काही वेगळे सांगितले असेल, तर पुस्तिकेचे ऐकावे.

डिझेलला जळण्याखेरीज असलेली कामे

टाकीतले डिझेल आधी कमी दाबाचा पंप उचलतो. बहुतेक गाड्यांत हा पंप विजेवर चालतो आणि टाकीतच बुडवलेला असतो. काही गाड्यांत तो इंजिनजवळच्या मोठ्या पंपालाच जोडलेला असून तेथूनच डिझेल ओढून घेतो. फिल्टरमधून गाळलेले डिझेल मग उच्च दाबाच्या पंपात शिरते आणि हा पंप ते रेल नावाच्या जाड पोलादी नळीत दाबून भरतो. रेलमधून प्रत्येक इंजेक्टरला, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील नोझलला, दाबाखालचे डिझेल सतत मिळत राहते, आणि कोणत्या क्षणी किती थेंब सोडायचे हे गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. गाडी जागच्या जागी चालू असताना रेलमधील दाब साधारण 250 ते 300 बार असतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो 1600 बारपर्यंत आणि नव्या इंजिनांत 2000 बार किंवा त्याहून वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये आपण भरतो ती हवा 2.2 बारच्या आसपास असते, हे पाहिले म्हणजे या आकड्यांचा अंदाज येतो.

एवढा दाब टिकवायचा, तर पंपातील दट्ट्या आणि त्याभोवतीची भिंत यांच्यात फट जवळपास नसल्यासारखीच असावी लागते. ती अवघ्या काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. या फटीत वंगण म्हणून इंजिन ऑइल पोहोचत नाही. तेथून झिरपणारे डिझेल हेच तेथले वंगण असते. तेच डिझेल दाबामुळे निर्माण होणारी उष्णता सोबत घेऊन परतीच्या नळीने टाकीत जाते, म्हणून ते पंपाचे आणि इंजेक्टरचे शीतकही असते. टाकीतल्या विजेच्या पंपालाही भोवतालचे डिझेलच थंड ठेवते.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत 10 पेक्षा अधिक नसते. बीएस-4 डिझेलमध्ये ती मर्यादा 50 होती. गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा बुळबुळीतपणाही बराचसा निघून जातो, त्यामुळे वंगणगुण राखण्यासाठी त्यात वेगळे द्रव्य मिसळावे लागते. मानकाप्रमाणे चाचणीत उमटणारा घर्षणाचा व्रण 460 मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. म्हणजे पंपापुरते वंगण त्यात नक्कीच असते, पण उधळायला शिल्लक नसते. म्हणूनच घाईत कॅनभर रॉकेल ओतून वेळ मारून नेण्याचा जुना उपाय आता करू नये. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ असते आणि त्याचा वंगणगुण कमी असतो.

पातळी उतरत जाते तेव्हा

टाकीत 40 लिटर डिझेल असताना परतीच्या नळीने येणारे गरम डिझेल त्या मोठ्या साठ्यात मिसळून निवते. साठा पाच-सहा लिटरवर आला की तेच डिझेल पुन्हा पुन्हा पंपाकडे जाते आणि पुन्हा पुन्हा तापून परत येते. मे महिन्यात विदर्भातल्या तापलेल्या रस्त्यावरून तास-दोन तास गाडी पळवली, तर टाकीतले डिझेल भरलेल्या टाकीपेक्षा स्पष्टपणे अधिक गरम होते. गरम डिझेल पातळ होते, आणि पातळ डिझेलचा थर घासणाऱ्या भागांना तितकासा दूर ठेवू शकत नाही. यामुळे पंप लगेच बिघडेल असे नाही, परंतु वर्षानुवर्षे रिझर्व्हवरच गाडी चालवण्याची सवय असेल, तर तिची किंमत पंपाच्या आयुष्यातून वळती होते, असे माझे मत आहे.

त्याहून गंभीर प्रश्न हवेचा आहे. डिझेल उचलण्याचे तोंड टाकीच्या तळाशी एका लहानशा वाटीसारख्या भागात असते, आणि परतीचे डिझेल या वाटीत सोडून ती भरलेली ठेवण्याची सोय बहुतेक गाड्यांत केलेली असते. त्यामुळे साधे वळण किंवा चढ आला म्हणून लगेच हवा ओढली जात नाही. मात्र साठा फारच कमी झाला, की घाटातील लागोपाठच्या वळणांवर, जोरात ब्रेक मारल्यावर किंवा उतारावर गाडी तिरपी उभी केल्यावर डिझेल एका कोपऱ्यात सरकते, वाटी रिती होते आणि पंप डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे ओढू लागतो.

हवा दाबली जाते, डिझेल जवळपास दाबले जात नाही. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल जसे पायाखाली पोकळ जाते आणि गाडी थांबत नाही, तसाच प्रकार येथे रेलमध्ये होतो: पंप फिरत राहतो, पण दाब तयार होत नाही. ईसीयूने मागितलेला दाब आणि रेलवरच्या सेन्सरने मोजलेला दाब यांत तफावत दिसू लागते. चालकाला ती आधी ॲक्सिलरेटरला दाद न मिळण्यातून जाणवते, मग गाडी हिसके देऊ लागते, काही वेळा इंजिनचा दिवा लागतो आणि ईसीयू ताकद कमी करून टाकतो. याच वेळी पंपाच्या त्या काही मायक्रॉनच्या फटीत वंगणाऐवजी हवा असते आणि पोलादावर पोलाद घासत असते. हिसके बसू लागल्यावर चालक ॲक्सिलरेटर अधिकच दाबतो, हे स्वाभाविक असले तरी त्या क्षणी करण्याजोगी सर्वांत वाईट गोष्ट तीच आहे.

काही कंपन्यांनी यावर चांगला तोडगा काढला आहे. त्यांच्या गाड्यांत टाकी पूर्ण कोरडी होण्याच्या आधीच ईसीयू मुद्दाम इंजिनला अडखळायला लावतो आणि नंतर ते बंद करतो, जेणेकरून पंपात व रेलमध्ये डिझेल शिल्लक राहावे. अशी गाडी बंद पडल्यावर मालकाला वाटते की टाकीत डिझेल असूनही गाडीने दगा दिला. प्रत्यक्षात तिने पंप वाचवलेला असतो. ही सोय आपल्या गाडीत आहे की नाही हे पुस्तिकेत पाहावे, पण असली तरी तिच्या भरवशावर राहू नये.

टाकी संपत आली की तळाचा कचरा ओढला जातो, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. डिझेल नेहमी तळाशीच उचलले जाते, टाकी भरलेली असो वा नसो. त्यामुळे कचऱ्याला पंपाकडे जायला टाकी रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही. फरक एवढाच, की थोडे डिझेल अधिक हिंदकळते आणि खाली बसलेला गाळ व पाणी ढवळून निघते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते, आणि कोकणासारख्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, महिनोन्महिने अर्धवट रिकामी उभी राहणारी गाडी असेल, तर फिल्टरखालचा पाण्याचा नळ वेळच्या वेळी उघडून पाणी काढून टाकणे याला रिझर्व्हच्या चिंतेपेक्षा अधिक महत्त्व आहे.

दिवा लागल्यावर

इंधनाचा पिवळा दिवा लागतो तेव्हा बहुतेक मोटारींत पाच ते आठ लिटर डिझेल शिल्लक असते. टाकी किती लिटरची आहे आणि दिवा लागल्यावर पेट्रोल पंपावर पूर्ण भरताना किती लिटर बसले, या दोन आकड्यांची वजाबाकी दोन-तीन वेळा करून पाहिली, की आपल्या गाडीचा खरा साठा कळतो. क्रेटाची टाकी 50 लिटरची, नेक्सॉनची 44 लिटरची आणि एक्सयूव्ही700 ची 60 लिटरची आहे. म्हणजे दिव्याचा अर्थ प्रत्येक गाडीत सारखा नसतो. काटा टाकीतल्या तरंगत्या फ्लोटवर चालतो, आणि हिंदकळण्याने तो नाचू नये म्हणून मुद्दाम मंद ठेवलेला असतो. उतारावर उभ्या गाडीचा काटा खोटे बोलतो, आणि पाच लिटर ओतल्यावर तो लगेच हलला नाही, तरी घाबरण्याचे कारण नाही.

उरलेल्या अंतराचा आकडा तर काट्याहूनही अधिक संशयाने वाचावा. तो मागच्या काही किलोमीटरांच्या सरासरीवरून काढलेला असतो. पुढच्या रस्त्याची त्याला कल्पना नसते. खोपोलीकडून लोणावळ्याला जाताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंच चढते. पावणेदोन टनांच्या गाडीला केवळ ही उंची गाठण्यासाठी अर्धा ते पाऊण लिटर डिझेल जादा लागते, असे साधे गणित मांडता येते, म्हणजे सपाटीवर दहा किलोमीटर पुरले असते एवढे डिझेल घाटानेच खाल्ले. समृद्धी महामार्गावर अडचण वेगळी आहे. 701 किलोमीटरच्या या रस्त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने 90 च्या तुलनेत 120 वर तो सुमारे पावणेदोन पट होतो. गावातल्या रस्त्यांवर मिळालेल्या सरासरीवर विसंबून निघालेल्या चालकाचा आकडा तेथे भराभर उतरतो, शिवाय साध्या महामार्गासारखे दर थोड्या अंतरावर पंप नाहीत आणि बाहेर पडायचे तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावेच लागते. त्या रस्त्यावर चढण्याआधी टाकी भरून घेणे हे सर्वांत स्वस्त.

दिवा लागला असेल आणि पंप लांब असेल, तर वेग ताशी 60 ते 70 वर आणावा, पण द्रुतगती मार्गावर मागच्या ट्रकना अडथळा होईल इतका नव्हे. डाव्या मार्गिकेत राहावे, एसी बंद करावा, वरच्या गिअरमध्ये सौम्य पायाने चालवावे. उताराला न्यूट्रल करून गाडी सोडून देण्याची सवय अनेकांना आहे, आणि तेथे दोन चुका एकाच वेळी होतात. गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर ॲक्सिलरेटर सोडून चालत असताना ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद ठेवतो, त्यामुळे त्या वेळी डिझेल जळतच नाही; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जाळावेच लागते. शिवाय इंजिनचा ब्रेक गमावल्याने घाटात ब्रेक तापतात. इंजिन बंद करून उतरणे तर सरळसरळ जिवावरचे आहे.

दिवा लागलेल्या अवस्थेत गाडी रात्रभर चढावर किंवा उतारावर लावू नये. सकाळी डिझेल उचलण्याच्या तोंडापासून दूर सरकलेले असेल, तर थंड इंजिन सुरू करताना पहिलाच घोट हवेचा बसतो.

काजळीच्या फिल्टरशी असलेला संबंध

बीएस-6 डिझेल मोटारींच्या धुराड्याच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरत आला की ईसीयू जादा डिझेल सोडून त्याचे तापमान 600 अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो आणि आत साठलेली काजळी जाळून टाकतो. हे काम दहा ते वीस मिनिटे चालते आणि त्याला डिझेल लागते. म्हणून अनेक गाड्यांत इंधन रिझर्व्हला असताना ईसीयू ते सुरूच करत नाही. पाचशे रुपयांचे, म्हणजे साडेपाच लिटरच्या आसपास डिझेल टाकून चार दिवस काढायचे, पुन्हा दिवा लागला की पुन्हा पाचशेचे टाकायचे, अशी पद्धत असणाऱ्याच्या गाडीला काजळी जाळण्याची संधीच मिळत नाही, विशेषतः त्याचा सगळा प्रवास शहरातल्या सिग्नलांमध्ये होत असेल तर. मग डीपीएफचा दिवा लागतो, गाडीची ताकद जाते, आणि तपासणीत फिल्टर चोंदल्याचे निष्पन्न होते. अशा वेळी आधी टाकी अर्ध्यापर्यंत भरावी आणि मग मोकळ्या रस्त्यावर पुस्तिकेत दिलेल्या वेगाने वीसेक मिनिटे गाडी न थांबवता चालवावी. रिझर्व्हवर हीच धाव कितीही वेळ काढली तरी उपयोग होत नाही.

एक्सयूव्ही700 सारख्या काही डिझेल गाड्यांत डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या द्रवाची, बोलीभाषेत युरियाची, वेगळी टाकी असते. तिचा डिझेलच्या साठ्याशी संबंध नाही. तिचा इशारा वेगळा येतो, आणि तो दुर्लक्षिला तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. डीईएफ चुकूनही डिझेलच्या टाकीत पडू देऊ नये. तसे झाले, तर इग्निशनसुद्धा न लावता गाडी उचलून न्यावी.

गाडी बंदच पडली तर

हिसके सुरू झाले की धोक्याचे दिवे लावून गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लागावे, इंजिन पूर्ण बंद पडण्याची वाट पाहू नये. इंजिन थांबल्यावर ब्रेकला मदत करणारा निर्वात साठा दोन-तीन दाबांपुरताच पुरतो, नंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. म्हणून ब्रेक थोडा थोडा पंप न करता एकदाच ठाम दाबून गाडी उभी करावी. स्टिअरिंगही जड होऊ शकते. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण स्टिअरिंग लॉक होते. घाटात वळणावर थांबावे लागले, तर प्रवाशांना कठड्याच्या आतल्या, सुरक्षित बाजूला उतरवून गाडीपासून दूर उभे करावे आणि धोक्याचा त्रिकोण बराच मागे, वळणाच्या अलीकडे ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या क्रमांकावर मदत मागता येते, आणि तातडीच्या प्रसंगी 112 आहेच. विम्याबरोबर किंवा कंपनीकडून घेतलेल्या रस्त्यावरील मदतीच्या योजनेत बहुधा काही लिटर इंधन आणून देण्याची तरतूद असते, ती आधी तपासून ठेवावी.

गाडी बंद पडली आहे हे कळल्यावर स्टार्टर मारून पाहण्याचा मोह आवरावा. प्रत्येक वेळी स्टार्टर फिरवला, की कोरडा पंप आणखी काही फेरे फिरतो. ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. त्यात पंप आणखी वेगाने कोरडाच फिरतो, आणि ऑटोमॅटिक गाडी तशी सुरू होतही नाही. एअर क्लीनरमध्ये ईथरचा स्प्रे मारून इंजिन जागे करण्याची जुनी युक्ती ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन तापवणाऱ्या विजेच्या कांड्या, असलेल्या इंजिनात स्फोटाला आमंत्रण देते.

पुन्हा सुरू करण्याची पद्धत

गाडी सपाट जागी असेल तर किमान पाच लिटर, आणि मिळाले तर दहा लिटर डिझेल आणावे. चढ-उतारावर असेल तर दहाच्या खाली भागत नाही. कॅन स्वच्छ आणि कोरडा हवा. ट्रॅक्टरच्या पिंपातले किंवा ज्यात पूर्वी पेट्रोल होते अशा डब्यातले डिझेल घेऊ नये. फडक्याने गाळून उपयोग नाही, कारण इंजेक्टरला मारणारे कण फडक्यातून सहज निसटतात. बाटलीत सुटे इंधन द्यायला पंपवाले बहुधा नकार देतात, तेव्हा नेटका झाकणाचा कॅनच न्यावा.

डिझेल ओतल्यावर लगेच स्टार्टर फिरवायचा नाही, ही या सगळ्या कृतीतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. टाकीत विजेचा पंप असेल, तर इग्निशन चालू करताच तो काही सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. तेवढ्या वेळात तो नळ्यांमधील व फिल्टरमधील हवा पुढे ढकलून परतीच्या वाटेने टाकीत पाठवत असतो. इग्निशन अर्धा मिनिट चालू ठेवावे, बंद करावे, दहा सेकंदांनी पुन्हा चालू करावे, आणि असे चार-पाच वेळा करावे. बटणाच्या गाडीत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबले, काही गाड्यांत दोनदा दाबले, की इंजिन न फिरता फक्त इग्निशन चालू होते. मागच्या सीटजवळ कान दिला, तर पंपाचा आवाज ऐकू येतो. सुरुवातीला तो मोकळा आणि चढा असतो, डिझेल भरले की दबका होतो.

इनोव्हासारख्या काही गाड्यांत फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा पंप असतो, आणि काहींत नळीच्या मध्ये रबरी फुगा असतो. तेथे इग्निशनच्या खेळाने हवा निघत नाही, हातच चालवावा लागतो. सुरुवातीला तो सहज दबतो. हाताला कडक लागेपर्यंत, वेळ लागला तरी, दाबत राहावे. फिल्टरवर हवा काढण्याचा स्क्रू दिलेला असेल तर तो थोडा सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू द्यावे आणि मग घट्ट करावा. हे फक्त कमी दाबाच्या बाजूला, फिल्टरपर्यंतच करायचे. उच्च दाबाचा पंप, रेल आणि इंजेक्टर यांना जोडणाऱ्या पोलादी नळ्यांचे नट जुन्या सवयीने सैल करू नयेत. तेथून सुटणारी केसासारखी बारीक धार कातडीच्या आत शिरते, जखम क्षुल्लक दिसते आणि बोट किंवा हात कापण्याची वेळ येते. असे कधी झालेच, तर दुखत नसले तरी त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

यानंतर स्टार्टर फिरवावा, पण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक नाही, आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे. रेलमध्ये साधारण 200 बारच्या आसपास दाब तयार झाल्याखेरीज ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात एकही ठोका पडला नाही, तर नवल नाही. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवू नये. चार-पाच प्रयत्नांत इंजिन लागले नाही, तर पुन्हा इग्निशनच्या किंवा हातपंपाच्या पायरीवर यावे. तरीही नाही लागले, तर बॅटरी संपवण्यापेक्षा गाडी उचलून न्यावी. उच्च दाबाच्या बाजूला अडकलेली हवा काढण्यासाठी कार्यशाळेत स्कॅनर लावून टाकीचा पंप सलग चालवता येतो.

सुरू झाल्यानंतर

इंजिन लागले की पहिले एक-दोन मिनिट ते थरथरेल, आवाज कमी-जास्त होईल. त्याला जागच्या जागी दोन-तीन मिनिटे चालू द्यावे, रेस करू नये, आणि मग सावकाश जवळच्या पंपावर जाऊन टाकी पूर्ण भरावी. इंजिनचा दिवा पुढच्या काही वेळा गाडी चालू-बंद केल्यावर आपोआप गेला, तर बहुधा रेलमधील दाब कमी झाल्याची ती नोंदच होती. तो राहिला, किंवा थंड गाडी सुरू व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागू लागला, पंपाच्या बाजूने बारीक शीळ ऐकू येऊ लागली, चढावर ताकद कमी वाटली, तर चालवत राहून पाहू या असे करू नये.

कार्यशाळेत गेल्यावर ईसीयूत नोंदलेले बिघाडाचे कोड नुसते पुसून देण्यावर समाधान मानू नये. डिझेल फिल्टर काढून त्यातील डिझेल पांढऱ्या भांड्यात ओतायला सांगावे आणि ते उन्हात स्वतः पाहावे. डिझेलमध्ये चांदीच्या भुकटीसारखी चकाकी दिसली, तर पंपातले पोलाद झिजू लागले आहे. त्या क्षणापासून इंजिन सुरू करू नये, कारण ही भुकटी केवळ पंपात राहत नाही. ती रेलमधून इंजेक्टरमध्ये जाते आणि परतीच्या नळीने थेट टाकीत पोहोचते. फक्त पंप बदलून दिला, तर टाकीतली जुनी भुकटी फिल्टरपर्यंत येत राहते आणि नव्या भागांची खात्री उरत नाही. म्हणून अंदाजपत्रक हातात आल्यावर त्यात पंपाबरोबर इंजेक्टरची चाचणी किंवा बदल, रेल, उच्च दाबाच्या नळ्या, नवा फिल्टर आणि टाकी उतरवून धुण्याचे काम वेगवेगळे लिहिले आहे का ते पाहावे, आणि टाकीचा उल्लेखच नसेल, तर काम सुरू करण्याआधी तो लिहून घ्यावा. काढलेला जुना पंप आणि फिल्टर परत मागून घ्यावेत. वॉरंटीचा किंवा विम्याचा वाद झाला, तर तेच पुराव्याला लागतात.